गंगीच्या कोठडीतली मोजणी

आधी मोजायचं. मग कडी, मग ताला. ताला तीनदा ओढून बघायचा. मग तोंडानं बोलायचं, "बंद." दुसऱ्यानं ऐकायचं आणि परत बोलायचं, "बंद." तेव्हा कुठं आपला पाय आत टाकायचा. वाघाच्या कामात एवढंच आहे, बाकी सगळा झाडू आणि पाणी.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. नलूताई माझ्या बाजूला राहतात, इथं ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यातच. गोरखीतल्या शाळेत शिकवायच्या, आता रिटायर आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी मला धरून बसवलं. मतलब बोलते मी, लिहितात त्या. मी चौथी शिकलेली. सही येते, बसची पाटी वाचता येते. ताई बोलल्या, "बाई, जनावरांच्या गमती सांगा, लोकांना आवडतात." गमती पुष्कळ आहेत. एकदा दतियाकडचा एक माणूस आला, पोराला भीती बसली म्हणून वाघाच्या मिशीचा केस मागत होता. मी बोलले, "जा, आतच आहे वाघ, माग त्याला." तर तो खरंच जाळीला हात जोडून मागायला लागला. अशा सांगायला लागले तर सकाळ होईल. पण मला एक दुसरीच गोष्ट सांगायची आहे. वय झालं, पोटात ठेवून जायची नाही.

माझे वडील दाल बाजारात धान्य मोजायला होते. आमचे आजे-पणजे शिंद्यांच्या फौजेत होते म्हणतात. वडिलांपर्यंत येता येता तलवारीचं माप झालं. ते पहिलं माप टाकताना कधी 'एक' नाही म्हणायचे. 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. जुन्या लोकांची रीत ती, 'एक' म्हटलं की बरकत जाते. मलाही तीच सवय लागली. पोळ्या मोजल्या तरी लाभ, दोन, तीन. आजपण तशीच मोजते.

नवरा माझा चिडियाघरात माळी होता. जेठ महिन्यात झाडांना पाणी घालता घालता लू लागली, संध्याकाळपर्यंत गेला. त्याच्या जागी मला रोजंदारीवर घेतलं, पण बागेत नाही. मांसाच्या खोलीत. जंतू मारायच्या लाल दवाच्या पाण्यानं टोपली धुवायची, ओटा धुवायचा, हाडं वेगळी करायची. पहिले आठ दिवस घरी येऊन जेवण जायचं नाही. नवव्या दिवशी गेलं. पोटाला काय, ते शिकतं.

जन्मभर मी टोपलीच धुतली असती. पण वाघीण आली.

चिडियाघरात नवीन जनावर येतं ते विकत नाही येत. अदलाबदल असते. आपल्याकडे काळवीट जास्त झाले तर ते द्यायचे, त्यांच्याकडे वाघ जास्त झाले तर एक घ्यायचा. लाकडी पेटीत घालून ट्रकनं येतं, बरोबर तिकडचा माणूस येतो. आठ दिवस राहतो, हातात सोपवतो आणि जातो. ही वाघीण खाली दख्खनातून आली. बरोबर तुकादादा म्हणून म्हातारे होते, पांढरी टोपी, तोंडात तंबाखू. वाघीण पेटीतून उतरली ती कोठडीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. रामसेवक म्हणून आमचा वाघाकडचा माणूस होता, मुरैन्याकडचा, चाळिशीचा, गडी चांगला. तो हाका मारून थकला. "आ जा बेटी, आ जा रानी." ती कान पण हलवायची नाही.

मी मांसाची टोपली घेऊन उभी होते. तुकादादा हसले, आपल्या मराठीत बोलले, "तुमच्या हिंदीनं नाही व्हायचं. लहानपणापासून माझंच ऐकलंय तिनं." आणि आवाज दिला, "चल गं गंगे, चल माझी बाय." ती उठली आणि सरळ चालत आली.

मी बोलले, "दादा, मला शिकवा." ते चमकून बघायला लागले. ग्वाल्हेरात कुणी आपलं माणूस भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आठ दिवस रोज सकाळी त्यांनी माझ्याकडून हाक मारून घेतली. "घाई नको बाई. हाकेत घाई असली की जनावराला समजतं." जाताना बोलले, "बोर्डावर काही लिहू देत. ती गंगीच आहे." बोर्डावर साहेबांनी राजेश्वरी लिहिलं होतं. राजेश्वरी म्हटल्यावर ती एकदापण उठली नाही.

असं झालं माझं. टोपल्या सुटल्या आणि मी वाघाच्या गल्लीत आले. हाक मारायची मी, साखळी ओढायचा रामसेवक.

जागा कशी होती ते सांगते. दोन कोठड्या, शेजारी शेजारी. मधल्या भिंतीत लोखंडी दार, वर-खाली सरकणारं, त्याची साखळी बाहेर गल्लीत. दोन्ही कोठड्यांना गल्लीकडून जाळीची दारं, वरच्या अर्ध्यात पत्रा, पत्र्यात डोळ्याएवढं भोक. जनावर दोन नंबरात घ्यायचं, मधलं दार पाडायचं, भोकातून मोजायचं, आणि मग एक नंबरात जाऊन साफ करायचं. दोन नंबराच्या मागून बाहेरच्या मोठ्या बाड्यात, जनावर फिरायच्या उघड्या आवारात, जायला आणखी एक तसंच दार. बस. पन्नास वर्षांपूर्वीचं काम असेल. भिंती काळ्या, दिवसा पण आत बल्ब लागायचा.

दुसऱ्या वर्षी, पलीकडच्या कोठड्यांतल्या वाघाशी जोडी लावल्यावर, गंगीला दिवस राहिले. वाघिणीचे साडेतीन महिनेच असतात. डॉक्टर साहेबांनी आधीच सांगून ठेवलं, "अम्मा, डिलिवरी के बाद कोई पास नहीं जाएगा. आप भी नहीं." दोन नंबरात गवत घातलं, जाळीला पोती बांधली, कोपऱ्यात हीटर, वर कॅमेरा. साहेब लोक ऑफिसात बसून बघणार. पहिलटकरणीला धसका बसला तर ती पिल्लं उचलून हिंडते, कधी चावून पण टाकते. हे सगळं मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पौषात व्याली. दोन पिल्लं. ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी बघितली आहे त्यांना काय सांगू. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर आले तर लाइट गेलेली. हीटर बंद, कॅमेरा बंद. रामसेवक लाइटवाल्याला आणायला गेला होता. गल्लीत मी एकटी. आतून पिल्लांचा आवाज येत होता, बारीक, आणि मग येईनासा झाला.

इथं मला माझं थोडं सांगावं लागेल. माझं पहिलं मूल, मुलगा, तो पण पौषातलाच. कंपूत आम्ही एका खोलीत राहायचो. बाळंतिणीला शेगडी लागते, ओवा-शेपांची धुरी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. घरात कोळसा नव्हता. सासू बोलली, उद्या आणू. दहाव्या दिवशी तो थंड पडला. बास, एवढंच आहे ते. नंतर दोन मुली झाल्या, चांगल्या आहेत.

तर त्या सकाळी माझं डोकं चाललं नाही, हात चालले. मांसाच्या खोलीत पाणी तापवायची शेगडी होती ती भरली. ओवा आणि बाळंतशेपा मी गंगी व्याल्यापासून पदराला बांधूनच फिरत होते, का ते मलाच माहीत नाही. शेगडी जाळीपाशी ठेवली, पोतं थोडं वर केलं आणि मूठभर निखाऱ्यावर टाकलं. मला वाटलं, ऊब जाईल. बाळंतीणच आहे ना, तिला बरं वाटेल.

धूर सरळ आत गेला.

गंगी उठली. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. ना गुरकावली ना काही. एक पिल्लू तोंडात धरलं आणि चालायला लागली. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यांचं असंच असतं, जागा बिघडली की पिल्लू दुसरीकडे न्यायचं. पण न्यायचं कुठं? चारी बाजूंनी भिंत. मी शेगडी ओढून घेतली, पाणी टाकलं, ते आणखी फसफसलं. ती चालतच होती. मी हाक मारली, "गंगे, ठेव गं बाई खाली." हाकेत घाई होती. तुकादादांनी सांगितलेलं होतं ते.

किती वेळ चालली सांगता नाही येत. मग ती जाळीपाशी आली. खाली मांस सारायची लोखंडी थाळी असते, तिच्यावर तिनं पिल्लू ठेवलं, थंड पडलेलं. माझ्याकडे बघितलं. मागं गेली आणि दुसऱ्याला पोटाशी घेऊन झोपली. रोज मी थाळी आत सारायची, त्या दिवशी तिनं थाळीवर मला दिलं.

मी शेगडी धुऊन जागेवर ठेवली. राख नाल्यात टाकली. रामसेवक आला, गल्लीत उभा राहून नाक वर केलं. "अम्मा, अजवाइन की बू आ रही है."

मी बोलले, "माझ्या पदराला येते. पोट दुखत होतं."

तो लाइटवाल्याला घेऊन मीटरकडे गेला. डॉक्टर साहेबांनी बघितलं, कागदावर लिहिलं की कमजोर होतं, पहिलटकरीण आहे, होतं असं. साहेबांसमोर त्याला जाळलं, तो कायदा आहे. मी लांबून बघितलं. मी बोलले असते तर नोकरी गेली असती, ते एक. पण खरं सांगू, नोकरीची भीती नंतर आली. आधी मला तोंडच फुटलं नाही.

दुसरं पिल्लू जगलं, मोठं झालं, पेटीत बसून दुसऱ्या शहरात गेलं. तीन वर्षांनी गंगीला परत दिवस राहिले.

त्या खेपेला मी पदराला काही बांधलं नाही. देवळात पण गेले नाही. एक नंबरात व्याली, तीन पिल्लं झाली, आणि तीनही जगली. पेपरात फोटो आला, पुढारी येऊन नावं ठेवून गेले, रविवारी इतकी गर्दी की फुग्यावाल्याला उभं राहायला जागा नाही. वीस-बावीस दिवसांनी डॉक्टर साहेबांनी साफसफाई सुरू करायला सांगितली. मधलं दार उघडलं, मी हाक मारली, गंगी एकेका पिल्लाला तोंडात धरून दोन नंबरात घेऊन गेली. दार पाडलं. मी भोकाला डोळा लावला.

आई पहिली. लाभ. मग पिल्लं. दोन, तीन, चार.

पाच.

मी डोळा पुसला. परत बघितलं. आईच्या मागच्या पायाआड, गवतात, एक अगदी लहान होतं. बाकीची तीन आता मांजराएवढी झालेली, डोळे उघडलेले. हे तेवढंच. चार दिवसांचंच. मी त्याच्याकडे नीट बघायला गेले तर नुसतं गवत.

"कितने, अम्मा?" रामसेवकानं विचारलं.

"चार," मी बोलले. "बंद."

"बंद."

आत जाऊन गवत काढायला बसले. जनावर झोपतं तिथं गवतात खळगा पडतो. आईचा मोठा खळगा, त्याच्या कडेला पिल्लांचे. पिल्लं तीन, खळगे चार. मी एकेकात हात घातला. चारही गरम होते.

त्या दिवसापासून रोज असंच. नीट बघायला गेलं की नाही, मोजायला लागलं की आहे. डॉक्टर साहेबांना विचारलं तर ते बोलले असते की अम्माची नजर गेली. आणि नजर गेलेल्या बाईला कुणी वाघापाशी ठेवत नाही. म्हणून मी रोज पाच मोजायचे आणि तोंडानं चार बोलायचे. तीन महिने रोज सकाळी खोटं बोलले. तिघं वाढत गेली, ते वाढलं नाही. कधी कधी गंगी मान वळवून मागच्या पायाशी चाटत बसायची. तिथं काही नसायचं. नुसतं गवत ओलं दिसायचं.

भीती वाटायची का, असं नलूताई आत्ता लिहिता लिहिता विचारतायत. ताई, भीती घरी वाटायची, भाजी चिरताना, एकदम. तिथं नाही. तिथं काम असतं.

मग ती सकाळ आली. धुकं गल्लीतपण शिरलेलं, बल्बाभोवती गोळा होऊन बसलेलं. पिल्लं आता धावती झाली होती. मी हाक मारली, सगळी धडाधड दोन नंबरात गेली. रामसेवकानं साखळी सोडली, दार पडल्याचा आवाज आला. मी भोकाला डोळा लावला.

लाभ, दोन, तीन, चार. आणि पुढं नाही.

मी थांबले. परत मोजलं. आई. दोन पिल्लं खेळत होती, एकमेकांच्या अंगावर. आणि चौथं, पायाआड, गवतात, ते लहान. चार.

"कितने?"

मी तोंड उघडलं. चार बोलायला जीभ तयारच होती, तीन महिन्यांची सवय. आणि खरंच चारच होते, खोटं पण बोलायला लागत नव्हतं.

"अम्मा, कितने हैं? हाथ अकड़ रहे हैं ठंड से."

"चार," मी बोलले.

तो एक नंबरच्या दाराकडे वळला, कडीला हात घातला. मी जाऊन कडीवर माझा हात ठेवला.

"रुक. एक कम है."

"अरे, चार ही तो होते हैं! आई और तीन." आमच्यात राहून तो पण आई म्हणायला लागला होता.

"मला रोज पाच दिसतात," मी बोलले. "आज चार दिसले. मतलब एक तुझ्या कोठडीत आहे."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. वीस वर्षांत त्यानं मला थट्टेनंपण कामाचं खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. असं त्याला वाटत होतं. त्यानं कडी सोडली.

तेवढ्यात एक नंबरातून आवाज आला. झोपायच्या फळीखालून एक पिल्लू कुईं करून बाहेर आलं, आळस देत. तिघांतलं मोठं. ते गेलंच नव्हतं. आणि तो आवाज ऐकल्याबरोबर पलीकडून गंगीनं दाराला धडक दिली. दार वर उचललं गेलं, चार बोटं, मग वीत. खालच्या खाचेत कालचं हाड अडकलं होतं, दार पुरं बसलंच नव्हतं. आम्ही आवाज ऐकला आणि बसलं समजलो. दुसऱ्या धडकेला ती खालून एक नंबरात आली. पिल्लाला मानेला धरलं. जिथं रामसेवक झाडू घेऊन वाकला असता तिथं उभी राहिली आणि जाळीतून आमच्याकडे बघत राहिली.

रामसेवक खाली बसला, गल्लीतच, ओल्या फरशीवर. मग त्यानं बिडी काढली. तिथं बिडी ओढायला बंदी आहे. 

"पाँचवाँ कौन है?" त्यानं विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. शेगडी, ओवा, थाळी, सगळं. त्यानं खाली बघूनच ऐकलं. मग बोलला, "मैंने तो उसी दिन सूँघ लिया था, अम्मा. मेरे यहाँ भी जच्चा को वही धूनी देते हैं."

"मग बोलला का नाहीस?"

"क्या बोलता? तुम तो माँ वाला काम कर रही थीं. गलत जगह कर दिया, बस."

त्यानंतर मी आठ वर्षं ड्यूटी केली. आम्ही त्याबद्दल परत बोललो नाही. फक्त त्यानं विचारायची रीत बदलली. आधी विचारायचा, "कितने?" आता विचारायचा, "पूरे हैं?" आणि मी बोलायचे, "पूरे हैं." पिल्लं मोठी होऊन गेली, पेटीत बसून, एकेक करून. मोजणीत एक जास्त ते राहिलंच.

पुष्कळ विचार केला मी त्याचा. त्यानं त्या दिवशी वाचवलं, की हिशोब बरोबर करून माणूस आत पाठवायला बघत होतं? ते नसतं तर मी तीनच मोजले असते आणि लगेच ओरडले असते. मोजणी चुकवली त्यानंच. आणि चुकलेली ओळखू आली तीपण त्याच्यामुळंच. मला आजवर कळलं नाही. चार दिवसांच्या जीवाला एवढं कळतं का? की तिथं ते नुसतं आईपाशी होतं आणि बाकी सगळं माझं?

माझ्या रिटायरमेंटला हार घातला, चाय-समोसे झाले, साहेब चांगलं बोलले. शहराबाहेर मोठं चिडियाघर होणार, उघड्या जंगलात वाघ फिरणार आणि माणसं गाडीत बसणार, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. ते अजून व्हायचं आहे. पण गेल्या वर्षी आहे त्याच जागेत काम निघालं. वाघांना नवा मोठा बाडा, काचेची भिंत, पोहायला तळं, मागं हवेशीर नव्या कोठड्या. चांगलं केलं, मी बघून आले तिकीट काढून. गंगी म्हातारी झाली आहे, दात गेले, तिला आता मांस बारीक करून देतात. तिलापण नवीन बाड्यात नेलं. आणि जुन्या कोठड्या पाडायचं ठरलं. तिथं बाहेरून येणाऱ्या नवीन पक्ष्यांचं घर होणार आहे.

रामसेवक स्वतः घरी आला, सायकल हातात धरून. आता त्याचे पण केस पिकले. चाय घेतला, कपबशी खाली ठेवली आणि बोलला, "अम्मा, कल तोड़ रहे हैं. एक बार आ जाओ."



सकाळीच गेले. माघ होता, धुकं होतं. ठेकेदार घण-पहारी घेऊन माणसांसकट उभा, हात चोळत. रामसेवकानं त्याला सांगितलं, "पहले अम्मा देखेंगी." ठेकेदार हसला, "अरे भैया, खाली कोठरी है, महीने भर से खाली है. क्या देखेंगी अम्मा?"

"कायदा है यहाँ का," रामसेवक बोलला. "गिने बिना दरवाज़ा नहीं खुलता."

मी गल्लीत गेले. बल्ब काढून नेलेला. लाल दवाचा वास अजून होता. गवत कुणी काढलंच नव्हतं, जुनं, पिवळं, कुजायला आलेलं. मी दोन नंबरच्या भोकाला डोळा लावला. आई नव्हती. पिल्लं नव्हती. मी सवयीनं मोजायला लागले.

लाभ.

पुढं मोजायला काही नव्हतं.

मागून रामसेवकानं विचारलं, "पूरे हैं?"

"एक बाकी है," मी बोलले.

ठेकेदाराचा एक माणूस हसला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. रामसेवकानं कुणाकडे बघितलं नाही. तो मागच्या दाराच्या साखळीपाशी गेला. ते दार बाड्यात उघडतं, आणि जुना बाडा नव्याला जोडलेला आहे. साखळी गंजलेली होती. त्यानं दोन्ही हातांनी ओढली, अंग मागं टाकून. दार वर गेलं. बाहेरचं पांढरं धुकं आत आलं आणि गवतावर पसरलं.

मी हाक मारली. तुकादादांनी शिकवलेली, जशीच्या तशी. फक्त गंगीचं नाव काढलं, दुसरं नाव मला माहीत नव्हतं, कुणी ठेवलंच नाही. "चल रे, चल माझ्या बाळा. आई तिकडे गेली." घाई केली नाही. ह्या खेपेला मला कसलीच घाई नव्हती.

आम्ही उभे राहिलो.  गवत जरा हललं. वारा असेल, दार उघडंच होतं.

मग मी परत भोकाला डोळा लावला. आणि मोजलं नाही, कारण मोजायला सुरुवात करायला काही नव्हतं.

"छोड़," मी बोलले.

रामसेवकानं दार हळू पाडलं, आपटू दिलं नाही. वाकून खाच बघितली, हाड-बीड नाही ना. कडी घातली. तिथं ताला नव्हता, तरी त्यानं कडी तीनदा ओढून बघितली. मग माझ्याकडे वळला.

"बंद," तो बोलला.

"बंद," मी बोलले.

बाहेर आले तेव्हा पहिला घण पडला. नवीन बाडा वाटेतच लागतो. काचेच्या पलीकडे गंगी धुकं फाटून आलेल्या उन्हाच्या तुकड्यात आडवी पडली होती, मान वळवून मागच्या पायाशी काहीतरी चाटत होती. रामसेवक बोलला, "अम्मा, देखोगी नहीं?"

मी नाही थांबले. आता तिथली मोजणी दुसऱ्याची ड्यूटी आहे.